मागच्या भिंतीवरचा कान

अर्नाळ्यात कुणाचा मिक्सर बंद पडला, बोटीवरचा वायरलेस खरखरायला लागला किंवा फादरांच्या प्रवचनात माइक शिट्ट्या मारायला लागला, की सालोमीला हाक जायची. बाईमाणूस खांबावर चढतं म्हणून आधी नाकं मुरडणारेच पुढे तिच्या दारात बिघडलेले रेडिओ घेऊन उभे राहिले. गावाचं हे असंच असतं. नवरा रॉबर्ट मस्कतला, मुलगी नर्सिंग शिकायला मुंबईत. घरात सालोमी आणि तिचे बाबा, बॅप्टिस्ट तांडेल. तांडेल म्हणजे बोटीचा म्होरक्या, आणि बॅप्टिस्ट जमिनीवरसुद्धा म्होरक्यासारखाच चालायचा.

सालोमीला ही विद्या लाभली ती या बापाच्या काळजीपोटी. ती विशीत असताना गावातल्या बोटींवर पहिल्यांदा वायरलेस आले आणि किनाऱ्यावरचा सेट मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात बसला. आयटीआय करून नुकतीच आलेली सालोमी तो बघायला म्हणून गेली आणि तिथंच चिकटली. त्याच वर्षी ऐन मासळीच्या दिवसांत वादळ उठलं. सगळ्या बोटी परतल्या, फक्त बॅप्टिस्टची नाही. बायका वाळूत बसून रोझरी म्हणत होत्या आणि सालोमी सेटला कान लावून नुसती खरखर ऐकत होती. लोक म्हणाले, पोरी, ऊठ आता. ती उठली नाही. दुपार टळल्यावर त्या खरखरीतून आवाज आला, "सालोमी, सालोमी, बॅप्टिस्ट बोलतंय. ऐकतंस काय?"

तिने बटण दाबलं आणि म्हणाली, "ऐकतंय, बाबा. घरी या."

"आयलोच," तो म्हणाला, आणि दिवेलागणीच्या आत बोट खाडीत शिरली. आपल्याला पोरीच्या आवाजाने ओढून आणलं, असं बॅप्टिस्ट पुढे जन्मभर सांगत राहिला. इंजिनाने आणलं, असं कुणी म्हणालं तर तो त्याच्याशी आठवडाभर बोलायचा नाही.

तोच बॅप्टिस्ट म्हातारपणी विसरायला लागला. आधी चष्मा विसरला, मग जेवल्याचं विसरला, मग माणसांची नावं. समुद्राची वाट तेवढी विसरेना. सालोमी कामाला बाहेर पडली की हा निघालाच पाण्याकडे. एकदा कोळणींनी गुडघाभर पाण्यातून परत आणला, एकदा किल्ल्याकडे जाणाऱ्या होडीत चढून बसला आणि नावाड्यालाच हुकूम सोडायला लागला. गावाने हसून घेतलं. सालोमीला मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसेना. शेवटी तिने त्याला 'सांजवारा'त ठेवलं. हा सिस्टरांचा वृद्धाश्रम गावाच्या कडेला आहे, मागची भिंत थेट किनाऱ्याला लागून. बापाला कोंडून ठेवलं म्हणून चार तोंडं बोललीच. सालोमी रोज संध्याकाळी तिथं जायची, बापाला डाळभात भरवायची आणि घरी आल्यावर स्वतः बऱ्याचदा न जेवता झोपायची.

सांजवाऱ्यात विसराळू माणसं बरीच होती. म्हणून आश्रमाच्या प्रमुख सिस्टर डेल्फिन यांनी मनगटात घालायचे पट्टे आणायचं ठरवलं आणि ते बसवायचं काम सालोमीलाच दिलं. "जिचा बाप आत आहे, ती काम नीट करील," सिस्टर म्हणाल्या. हे वाक्य सालोमीला फार आवडलं होतं. नंतर तेच तिला टोचत राहिलं.

पट्टा दिसायला स्वस्तातल्या घड्याळासारखा. त्यात एक छोटा ट्रान्समीटर, तो अधूनमधून हवेत एकच निरोप सोडत राहायचा, मी आहे, मी आहे. पट्ट्याच्या रबरातून केसाएवढी तार फिरवलेली होती. कुणी पट्टा कापला किंवा ओढून तोडला की तार तुटायची आणि तो आहे-आहे म्हणणारा पट्टा एकदम ओरडत सुटायचा, दम न घेता. हे सगळं ऐकायला भिंतींवर पांढऱ्या डब्यांचे रिसिव्हर. सालोमी त्यांना कान म्हणायची. पुढच्या फाटकावर एक कान, जिन्यापाशी एक, मागच्या भिंतीवर एक. एखादा पट्टा ठरावीक वेळ ऐकू आला नाही की ऑफिसात घंटा वाजायची.

बॅप्टिस्ट काही पट्टा घालू देईना. बायकांचे दागिने मी घालनार नाय, म्हणाला. मग सालोमीने युक्ती केली. "बाबा, दागिना नाय ओ. वायरलेस हाय. नवीन आयलाय. तुमच्यासाठी मी मागवला."

त्याने पट्टा कानाला लावून पाहिला, उलटासुलटा केला आणि निमूट हात पुढे केला. दिवसभर बाही वर करून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होता. सालोमीलाही हसू आलं. खोटं बोलले पण कुणाचं काही बिघडलं नाही, असं तिला वाटलं.

कान लावायचं काम तिने पावसाळ्यात केलं, बोटी वर ओढलेल्या असताना. कान बसवणं सोपं, तो नेमका किती तिखट ठेवायचा हे कठीण. फार तिखट ठेवला तर रस्त्यावर भटकणाऱ्या माणसाचा पट्टाही त्याला ऐकू येतो आणि तो आतच आहे असं तो समजतो. कमी ठेवला तर अंगणातल्या बाकावरचा माणूस हरवतो. त्यात माणसाचं अंग म्हणजे पाण्याने भरलेली पिशवी, आणि वायरलेसला पाण्याचं वावडं. म्हणून सालोमी एकेक पट्टा स्वतःच्या हातात घालून फिरली. बाकावर बसली, हात मांडीखाली दाबून बसली, भिंतीकडे पाठ करून उभी राहिली, फाटकातून बाहेर गेली, परत आली. शेवटी मागचा कान असा लागला की मागच्या भिंतीतल्या फाटकाबाहेर दोन पावलं टाकली की घंटा, आत एक पाऊल टाकलं की गप्प. सिस्टर खूश झाल्या. सालोमीने त्या रात्री पोटभर जेवून घेतलं.

मग नारळी पौर्णिमा झाली आणि बोटी पाण्यात गेल्या.

सांजवाऱ्याची मागची भिंत ही पिढ्यान्‌पिढ्या जाळी वाळवायची भिंत. आश्रम होण्याआधी तिथं चर्चची वाडी होती, तेव्हापासून कोळी तिच्यावर जाळी टाकत आलेले. हिंदू असो की ख्रिस्ती, ज्याचं जाळं आधी आलं त्याचं. भिंत देवाची, ऊन सगळ्यांचं, असं जुनी माणसं म्हणायची. तिथं शेजारच्या कृष्णाची जाळी पडू लागली, ओली, खाऱ्या पाण्याने जड झालेली, खाली शिशाच्या गोळ्या ओवलेल्या. त्या ढिगाखाली तो पांढरा डबा पार गाडला गेला. कोरड्या हवेत लावलेला कान ओल्या जाळ्याखाली बहिरा झाला आणि माणसं बाकावर गप्पा मारत असताना ऑफिसात घंटा वाजू लागली. आज याची, उद्या त्याची, दिवसातून कितीदा तरी.

"सालोमी, काहीतरी कर," सिस्टर म्हणाल्या. "माझ्या मुली आता घंटा वाजली तरी मान वर करत नाहीत. लांडगा आला रे आला, असं झालंय."

कृष्णाला सांगायचं म्हणून सालोमी गेलीही. त्याच्या बायकोने चहा दिला, वर तळलेले बोंबील दिले, आणि सालोमी खाऊन परत आली. जाळ्याचं नावही तिने काढलं नाही. याच भिंतीवर तिच्या बापाची जाळी वाळली होती. तांडेलाच्या पोरीने कोळ्याला सांगायचं, जाळं उचल? मेली असती तरी तिच्याने झालं नसतं. बाहेरून आलेला कुणी मेकॅनिक असता तर चटकन बोलून मोकळा झाला असता.

दुसरा उपाय होता, डबा लोखंडी पाइपावर चढवून भिंतीच्या वर न्यायचा. पण पाइप आणायला हवा, वायर वाढवायला हवी. तोवर तात्पुरतं म्हणून तिने मागच्या कानाचा वाट बघायचा वेळ वाढवून ठेवला. म्हणजे पट्टा ऐकू आला नाही तरी घंटा लगेच वाजायची नाही, बराच वेळ थांबून मग वाजायची. घंटा गप्प झाल्या. सिस्टरांनी आभार मानले. तात्पुरतं ही मोठी चिवट जात. पाइप राहिला तो राहिलाच. मधे विरारच्या एका सोसायटीचे कॅमेरे आले, मग आगाशीच्या देवळाचा भोंगा आला.

शेवटी एका दुपारी ती पाइप रिक्षात घालून सांजवाऱ्यात आली. मागच्या अंगणात शिरली तर भिंतीवर नुकती टाकलेली जाळी ठिबकत होती. बाकावर दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या. बॅप्टिस्टची जागा रिकामी, बाकाखाली त्याच्या चपला.

"बाबा कुठं गेले?"

"आत्ता तर होते," त्यांच्यातली एक म्हणाली. तिच्या आत्ताला काही अर्थ नव्हता. ती आपला मेलेला नवराही आत्ता गेला असंच सांगायची.

तेवढ्यात ऑफिसात घंटा वाजली. सालोमी धावत पोचली तोवर तिथल्या मदतनीस मुलीने सवयीने घंटा बंद करायच्या बटणाकडे हात नेला होता. सालोमीने तो हात धरला. पडद्यावर एकच नाव होतं, बॅप्टिस्ट. घंटा आत्ता वाजली, याचा अर्थ बाबा आत्ता गेले नव्हते. तिने स्वतःच्या हाताने वाढवून ठेवलेला तो सगळा वेळ संपला, तेव्हा कुठे घंटा वाजली होती.

मागच्या फाटकाची कडी निघालेली होती.

"किती वेळ झाला असेल?" सिस्टर डेल्फिननी विचारलं. त्या धापा टाकत आल्या होत्या.

"मी वाढवला होता तेवढा तरी," सालोमी म्हणाली. "घंटा वाजू नये म्हणून मीच वाढवला होता, सिस्टर. तुम्हाला नीट सांगितलं नव्हतं."

"आधी शोध. मग बोलू," सिस्टर म्हणाल्या आणि मुलींना घेऊन रस्त्याकडे, बस थांब्याकडे धावल्या. सालोमीने पिशवीतून हातात धरायचा रिसिव्हर काढला. कान जुळवताना ती हाच वापरायची, लांब अँटेनाचा. तो घेऊन ती किनाऱ्यावर आली.

कृष्णा जाळं शिवत बसला होता. "तांडेलबाबा? मगाशी गेले की. मी हाक मारली, त्यांनी हात केला. मना वाटलं तू हायस बरोबर." मग त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, जाळ्याखालून डोकावणाऱ्या पांढऱ्या डब्याकडे पाहिलं. "सालू, ह्या जाल्यानं झालं काय?"

"जाल्यानं नाय. माज्यानं झालं."

"पानी भरतीला लागलंय," कृष्णा सुई टाकून उठला. "मी होडी काढतो." त्याची होडी खाडीच्या तोंडाशी होती, म्हणजे बरीच लांब.

सालोमी ओल्या वाळूत उभी राहिली. समोर ओहोटीने उघडी पडलेली पुळण, पलीकडे किल्ल्याचं बेट, मधे पाण्याचे पट्टे रुंद होत चाललेले. माणूस कुठेच दिसेना. सुकत घातलेल्या बोंबलांच्या बांबूच्या वलांड्या, ओढून ठेवलेल्या होड्या, त्यांच्या आड शंभर म्हातारे लपले असते. रिसिव्हरमधून खरखर येत होती. तिने श्वास रोखला. खरखरीत एक बारीक टिक् झाली. मी आहे.

आवाज आला, पण कुठून? त्यासाठी एकच उपाय होता. रिसिव्हर छातीशी धरून स्वतःभोवती गोल फिरायचं. ज्या बाजूला पाठ केल्यावर आवाज मरतो, तिकडे पट्टा. आपलंच अंग मधे येतं. वारा असाच ओळखायचा, बाबांनी तिला लहानपणी सांगितलं होतं, कानावर घे, मग पाठीवर घे. पण पट्टा बोलायचा थांबून थांबून. ती अर्धी फिरेपर्यंत तो गप्प झालेला असायचा. पुढची टिक् येईस्तोवर थिजून उभं राहायचं, आणि पाणी काही थांबत नव्हतं. एकदा तिला वाटलं आवाज खाडीकडून आला. ती तिकडे धावली तर आवाज गेलाच. परत आली. रडू येत होतं, पण रडलं तर टिक् ऐकू येणार नाही, म्हणून तिने ते गिळलं.

आणि मग रिसिव्हर ओरडायला लागला. टिक् टिक् टिक्, अखंड. छोट्या पडद्यावर अक्षरं आली, पट्टा तुटला.

पट्टा सहज तुटत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? कशात अडकला? खडकात? कुठल्या बोटीच्या पंख्यात? आणि आता तो बापाच्या हातात नाही, म्हणजे आता शोधायचा तो रबराचा तुकडा, बाप नव्हे. पण कामाची सवय डोक्याच्या आधी जागी झाली. पट्टा आता दम न घेता ओरडतोय, म्हणजे दिशा लागेल. ती रिसिव्हर छातीशी धरून एकदाच गोल फिरली. गावाकडे तोंड केलं आणि आवाज मेला. बेट पाठीशी होतं. ती वळली. बेटाच्या वाटेवर, मधल्या पुळणीवर, एक मोडकी होडी वर्षानुवर्षं कलंडून पडलेली होती. तिच्या चारी बाजूंनी आता पाणी चमकत होतं.

ती पाण्यात शिरली. पोटरी, गुडघा, मांडी. रिसिव्हर डोक्यावर धरलेला, टिकटिक वाढत चाललेली. होडीच्या काठाला हात लागला तेव्हा पाणी कमरेला होतं.

आत बॅप्टिस्ट बसला होता, पाय पाण्यात, पाठ ताठ, तांडेल बसतो तसा. होडीच्या फळीला कालवं चिकटलेली होती, त्यांच्या धारेवर घासून त्याने पट्टा तोडला होता. मनगटावर थोडं रक्त होतं. पट्टा त्याने मुठीत तोंडाजवळ धरला होता.

"सालोमी, सालोमी," तो पट्ट्यात बोलत होता, "बॅप्टिस्ट बोलतंय. ऐकतंस काय?"

वायरलेस आहे म्हणून तिनेच सांगितलं होतं.

"बाबा, चला," ती म्हणाली. "पानी चढतंय."

त्याने तिच्याकडे पाहिलं, अनोळखी बाईकडे पाहतात तसं. "तू कोन गो बाय? बाजूला हो. माजी पोर सेटवर बसलीय. तिचा जबाब आल्याबिगर मी हलायचा नाय."

"मीच सालोमी, बाबा."

"माजी सालोमी केवढुशी हाय," तो वैतागून म्हणाला आणि पुन्हा मुठीत बोलायला लागला.

तिने त्याचा दंड धरून ओढलं. पण जाळी ओढलेले हात ते, त्याने होडी सोडली नाही. कृष्णाची होडी खाडीच्या तोंडाशी ठिपक्याएवढी दिसत होती. एक लाट होडीत शिरली आणि बापाच्या मांडीपर्यंत आली. समजावणं संपलं होतं, ओढणं संपलं होतं. सालोमीने डोळे पुसले, बापाकडे पाठ केली, रिसिव्हर तोंडाशी धरला. त्या यंत्राला फक्त ऐकता येत होतं, बोलता येत नव्हतं.

"ऐकतंय, बाबा," ती म्हणाली. "सालोमी बोलतंय. घरी या."

मागे पाण्यात खळबळ झाली. बॅप्टिस्ट हसत होता. "आयलोच," तो मुठीत म्हणाला, आणि होडीचा काठ सोडून आपण होऊन खाली उतरला.

कृष्णा पोचेपर्यंत तो एका हाताने त्या अनोळखी बाईचा खांदा धरून चालत होता, छातीभर पाण्यातून, दुसऱ्या हातातला पट्टा भिजू नये म्हणून उंच धरून. "पोर हाय माजी सेटवर," तो तिला सांगत होता. "सगले म्हनाले ऊठ, ती उठली नाय. तुना सांगतो बाय, अशी पोर कुनाला नाय."

"हां, बाबा," सालोमी म्हणाली. "पाय जपून टाका."